काकणाचं माप अन् कर्नेलची भिंत

“माप काय?” मी विचारलं.

“माप?” समोरचा माणूस गडबडला. “काकणांना... माप असतं?”

घ्या! आषाढातला रविवार, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय, पौडच्या बाजारात आमच्या दुकानाच्या पत्र्याखाली बायाबापड्यांची ही गर्दी, आणि हा बाबा छत्री मिटवत विचारतोय, काकणांना माप असतं का! उंच, सडपातळ, चष्म्यावर पावसाचे थेंब. चष्मा पुसायला रुमाल शोधत होता, आणि रुमाल त्याच्या हातातच होता.

“असतं तर,” मी म्हटलं. “दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. कुणाला पाहिजेत?”

“बहिणीला. बारावी पास झाली. निळी आण म्हणाली.”

“मग तिचा हात केवढा?”

त्यानं विचार केला. स्वतःचा पंजा पसरून पाहिला. मग नजर दुकानभर फिरवली आणि शेवटी माझ्या मनगटावर आणून ठेवली. “साधारण... तुमच्याएवढा असेल.”

“असेल?”

“आहे. म्हणजे... बहुतेक.”

शेजारच्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या. मला हसू आवरेना, म्हणून मी उगाच कपाळाला आठ्या घातल्या.

आमच्या दुकानात अब्बांचा एक कायदा होता. मौला मणेरांचं दुकान म्हटलं की सगळ्या पौडला तो पाठ. काचेच्या पेटीच्या अलीकडं गिऱ्हाईक, पलीकडं माल. गिऱ्हाइकानं बघायचं, मागायचं, पण हात घालायचा नाही. आता हे त्या बाबाला कोण सांगणार? त्यानं माझ्या मनगटाशी ताडून बघायला म्हणून पेटीवरून लांब हात घातला, दांडीवरची निळ्या काकणांची माळ उचलली, आणि दोरा सुटला. खळ्ळ!

“फुटली...” तो पुटपुटला.

“वाढली म्हणा!” अब्बा, मी आणि तीन-चार बाया एकदम ओरडलो. काकणं फुटली असं म्हणत नाहीत आमच्याकडं.

“वाढली,” तो शहाण्या मुलासारखा म्हणाला. गुडघ्यावर बसून त्यानं काचा वेचल्या, बोटाला लागलं तरी वेचल्या. निघताना छत्री उघडायला विसरला आणि तसाच भर पावसात गेला. जाता जाता वळून एवढंच म्हणाला, “माप घेऊन येतो.”

मी मनात म्हटलं, हा कसला येतोय परत!

दुसऱ्या दिवशी पिरंगुटला कामावर गेले. तिथल्या माळावर तेव्हा एका लहानशा कंपनीची पत्र्याची शेड होती. सत्याऐंशी साल. आम्ही मोजकी माणसं तिथं कॉम्प्युटर बनवायचो. लोखंडी कपाटाएवढं एक मशीन, त्याला जोडलेली पडदा-कीबोर्डची चार टर्मिनलं, आणि त्याचं नाव आमच्याच नदीचं, ‘मुळा’. पुण्याला बी.एस्सी. करून मी तिथं लागले होते आणि मशीनचा कर्नेल माझ्याकडं होता. कर्नेल म्हणजे मशीनच्या आतला कारभारी. कुठल्या प्रोग्रामला किती जागा द्यायची, कीबोर्डवर दाबलेलं अक्षर कुणाकडं पोचवायचं, डिस्कवरून काय आणायचं, सगळं त्याच्या हातात. त्या सकाळी आमचे साहेब, दातारसाहेब, कुणाला तरी बरोबर घेऊन आत आले.

“मुनीरा, हे युनूस आतार. वाईचे. चाचणी होईपर्यंत इथंच आहेत. मशीन किती पळतं ते हे मोजणार.”

गळ्यात स्टॉपवॉच. बोटाला चिंधी. डोळ्यांवर तोच चष्मा.

“हे मोजणार?” माझ्या तोंडून गेलंच. “ह्यांना बहिणीच्या हाताचं माप माहीत नाही!”

दातारसाहेब आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. युनूसचे कान लाल झाले, पण हसू काही त्याला लपवता आलं नाही. “म्हणून तर मोजायची नोकरी धरली,” तो म्हणाला. “घरचे म्हणाले, सवय लागेल.”

मेला हजरजबाबी होता. मला राग यायला हवा होता. तो काही येईना.

आता भिंतीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. त्या पावसाळ्याआधी मला मशीनमध्ये एक भोक सापडलं होतं. कर्नेलची स्वतःची जागा आणि बाकीच्या प्रोग्रामांची जागा, कुठं काय ठेवलंय त्याच्या एकाच नकाशात होती, मध्ये नावापुरती रेघ. कुणी मुद्दाम वाकून पाहिलं तर कारभाऱ्याच्या खोलीत काय चाललंय ते सगळं दिसायचं. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, आणि पलीकडच्या टर्मिनलवर दातारसाहेब जे टाइप करत होते ते माझ्या पडद्यावरून मोठ्यानं वाचून दाखवलं. तो नेमका त्यांचा पासवर्ड निघाला. ‘चिमणी.’ बायकोचं लाडाचं नाव! सगळी शेड हसली. साहेब पाणी प्यायला बाहेर गेले आणि परत येऊन म्हणाले, “ते भोक आधी बुजव.”

बुजवलं. कर्नेलची जागा मी बाकीच्यांच्या नकाशातून काढूनच टाकली. जे नकाशातच नाही ते बघणार कसं? प्रोग्रामला काही हवं असलं की त्यानं कारभाऱ्याला हाक मारायची. मशीन नकाशा बदलणार, कारभारी काम करणार, मशीन पुन्हा जुना नकाशा लावणार. अब्बांच्या काचेच्या पेटीसारखंच, मागा आणि मिळवा, हात घालायचा नाही. हीच ती माझी भिंत. मी इतकी खूश होते की घरी अम्मीला सांगितलं. अम्मी म्हणाली, “भित बांदलीस त्ये बरं क्येलंस, पर चूल कुटं?”

युनूसनं पौडच्या वाटेवर कासार आंबोलीत रत्नाबाईंकडं खोली घेतली होती. म्हणजे संध्याकाळची पौडची एस.टी. आमची एकच. पहिल्या दिवशी तो माझ्या मागच्या बाकावर बसला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या. मग एकदा गर्दी इतकी होती, की माझ्याच बाकावर टेकावं लागलं. पुढं गर्दी नसली तरी टेकावं लागायला लागलं.

“तुमची भाषा फाटकाशी बदलते,” एक दिवस तो म्हणाला. “शेडमध्ये ‘आहे’. कंडक्टरशी बोलताना ‘हाय’.”

“मग? तुम्हाला काय त्रास हाय?”

“त्रास नाही...” तो पुढच्या बाकाच्या दांडीकडं बघत म्हणाला, “बाहेरची जास्त आवडते.”

मी खिडकीकडं तोंड केलं. बाहेर खाचरांत भाताची लावणी चालली होती, इरली पांघरलेल्या बाया ओळीनं वाकलेल्या, आणि अर्ध्या काचेतून पावसाचे तुषार माझ्या गालावर येत होते. काच ओढायचं मला सुचलंच नाही. घोटवडे फाट्यावर गाडी थांबली की तो उतरून भजी आणायचा. मिरचीची मला, कांद्याची त्याला. पुड्याचा कागद तेलकट व्हायचा, त्याच्या चष्म्यावर वाफ धरायची, आणि तो विचारायचा, “हं, आज कर्नेलनं काय केलं?” मी सांगायची. अहो, असं कोण विचारतं? आमच्या घरी, एवढं शिकून मी नेमकं काय करते ते कुणाला धड सांगता आलं नव्हतं. हा माणूस ऐकायचा, मध्येच अडवायचा, चुकलं तर भांडायचा. गाडी कासार आंबोलीला थांबली की मला वाटायचं, ह्या ड्रायव्हरला एवढी घाई कसली!

आणि मग त्यानं मोजलं.

दातारसाहेबांच्या टेबलापुढं आम्ही दोघं उभे होतो. त्यानं स्टॉपवॉच काढून टेबलावर ठेवलं. “भिंत घातल्यापासून मशीन एक तृतीयांश हळू झालंय,” तो म्हणाला. “प्रत्येक हाकेला नकाशा दोनदा बदलतो. बदलला की मशीनला कुठं काय ठेवलंय ते सगळं विसरायला होतं, परत पहिल्यापासून शोधावं लागतं. एकेका हाकेचं काही नाही, पण हाका फार आहेत.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “अहो, बकरीदच्या आधी दूधसंघाची माणसं चाचणी बघायला येणार, पटलं तरच मशीन घेणार. त्यांच्यासमोर हे असं रांगणार? मुनीरा, भिंत काढ.”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“भिंत काढलीत तर मी पण राहायची नाही!” बोलून गेले. अंगात आलं की माझ्या जिभेला लगाम नसतो, अम्मी म्हणते ते खोटं नाही. शेडमधली सगळी माझ्याकडं बघायला लागली.

साहेब शांतपणे म्हणाले, “ठीक आहे. चाचणीपर्यंत मशीन पूर्वीसारखं पळव. जमलं तर भिंत राहील. नाही जमलं तर भिंत जाईल, पुढचं तुझं तू बघ.”

पुढचं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. बारामतीचं एक स्थळ वर्षभर दाराशी थांबलं होतं. त्यांना सून घरात हवी होती. अब्बा म्हणाले होते, “नोकरी हाय तवर मी त्यास्नी थांबवतो. नोकरी सुटली की मग माज्यापाशी सबब न्हाई, पोरी.”

संध्याकाळी गाडीत तो शेजारी येऊन बसला. भजी नव्हती.

“एवढं खरं बोलायची काय गरज होती?” मी विचारलं. “थोडं कमी करून सांगितलं असतं तर?”

तो हळूच म्हणाला, “माप आहे ते. खोटं सांगितलं तर... काकण हातात जाईल का?”

माझंच शास्त्र मलाच शिकवत होता! मी उठले आणि मागं एका बाईच्या कोंबड्यांच्या डालग्याशेजारी जाऊन बसले. पौड येईपर्यंत ती कोंबडी माझ्या पदराचा धागा ओढत होती आणि मी रडू गिळत होते. राग मशीनचा नव्हता. तो खरं बोलला ह्याचाही नव्हता. तो माझ्या बाजूनं खोटं बोलला असता तर मला आवडलं नसतं, हे मला कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. रोज भिंतीशी डोकं लावून बसायची, इथं थोडं वाचव, तिथं थोडं वाचव, पण हाती काही लागत नव्हतं. तो रोज मोजायचा, आकडा कागदावर लिहून माझ्या टेबलावर उपडा ठेवायचा आणि निघून जायचा. उपडा ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला दिसू नये. ते मला लक्षात आलं, पण मी काही बोलले नाही.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी सुटी घेतली. त्या दिवशी दुकान सोडून कुठं जायची सोयच नसते. अख्ख्या मुळशीच्या बाया काकणं भरायला पौडला. अब्बा माल काढून देत होते, अम्मी आणि मी भरत होतो. काकण भरायचं म्हणजे बाईला समोर बसवायचं, साबणाच्या पाण्यानं तिचा हात मऊ करायचा, अंगठा आत दुमडून पंजा हलक्या हातानं दाबायचा, आणि काकण सरकवायचं. हात मऊ व्हायला वेळ लागतो. एकदा झाला की काकणं सरासर जातात.

माझ्यापुढं रत्नाबाई येऊन बसल्या. आणि त्यांच्या मागं, छत्री मिटवत, चष्मा पुसत...

“ह्येला बी काकणं घ्यायची हायेत,” रत्नाबाई म्हणाल्या. “म्हनला, तुमच्यासंगं येतो. एकला यायची छाती न्हाई.”

युनूसनं खिशातून एक जुनं काकण काढून काचेवर ठेवलं. “बहिणीचं आहे. वाईहून मागवलं. माप.”

मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. रत्नाबाईंचा हात घेतला, साबण लावला, एक काकण सरकवलं.

“काय गं,” रत्नाबाईंनी भर दुकानात सुरू केलं, “भांडलीस व्हय ह्याच्यासंगं? ताटात निस्ती बोटं फिरवतोय. आधी जेवताना मुनीरा असं म्हनली, मुनीरा तसं म्हनली... लई डोस्कं खायाचा. आता गप.”

या अल्ला! माझ्या हातून दुसरं काकण खाली पडलं. युनूस छताच्या पत्र्याकडं इतक्या लक्षपूर्वक बघायला लागला जणू तिथंच सगळे आकडे लिहिलेत.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणी तरी ओरडलं, “पोरी, वाजलं किती?” आमचं घड्याळ आतल्या खांबावर, अब्बांच्या गादीकडं तोंड करून. मी रत्नाबाईंचा हात सोडला, उठले, बघितलं, सांगितलं, परत बसले. साबण वाळला होता. परत लावला. एक काकण भरलं. “अगं, पुण्याची गाडी गेली का? वाजलं किती?” परत उठले. परत बसले. परत साबण.

“मुनीरा!” अब्बा ओरडले. “एकेका काकणाला नव्यानं हात भिजवतीस व्हय? एकदा मऊ झाला की समदा हात भरून मोकळी हो की! रांग लागलीया!”

“मग मी काय करू? सगळा बाजार मलाच वेळ इचारतोय!” मी तणतणत उठले, खांबावरचं घड्याळ उतरवलं आणि रस्त्याच्या बाजूच्या खिळ्याला, काचेच्या आतून, बाहेर तोंड करून टांगलं. “घ्या! बघा आता ज्याचं त्यानं. मला इचारायचं न्हाई!”

परत बसले. रत्नाबाईंचा हात हातात घेतला, बोटं जुळवली, आणि... तिथंच थांबले.

मान वर केली. युनूस माझ्याकडंच बघत होता. चष्म्याआडचे डोळे मोठे झालेले.

“सगळ्यात जास्त हाका कशाच्या?” मी विचारलं. किती तरी दिवसांनी त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

“वेळ विचारायच्या,” तो लगेच म्हणाला. “प्रत्येक प्रोग्राम सारखी वेळ विचारतो. आणि दुसरं म्हणजे पडद्यावर एकेक अक्षर पाठवायच्या. एका अक्षराला एक हाक.”

“मोजलंय?”

“दोन्ही मोजलंय. रोज तुमच्या टेबलावर ठेवत होतो... खालच्या ओळीत.”

मी कागद उलटून वरचा आकडा बघायची आणि टाकून द्यायची. खालची ओळ कधी वाचलीच नव्हती!

“वेळ भिंतीच्या बाहेर लावायची,” मी म्हटलं. “सगळ्यांच्या नकाशात एक छोटी जागा. फक्त बघायला. काटे फिरवायला नाही.”

“आणि अक्षरं साठवायची. एकेक नाही—”

“अख्खी ओळ! एकदाच हाक, एकदाच नकाशा बदलायचा, आणि—”

“—सगळा हात भरून मोकळं व्हायचं.”

“आगं बयांनो,” रत्नाबाई कळवळल्या, “माजा हात भर न्हाई तर सोड तरी! निस्ता दाबून धरलाय!”

सगळं दुकान हसलं. अम्मीसुद्धा. मी रत्नाबाईंचा हात एका दमात भरला, मग बहिणीचं जुनं काकण उचलून निळ्या काकणांशी लावून बघितलं. दोन-सहा. माझ्यापेक्षा एक माप मोठं.

“साधारण तुमच्याएवढा!” मी त्याला चिडवलं.

“त्या दिवशी बहिणीचा हात आठवतच नव्हता,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “समोर दुसराच होता.”

माझ्या गालांवर ऊन पडल्यासारखं झालं. निळी काकणं मी स्वतः कापसात गुंडाळून दिली, दोनदा गुंडाळली, तेवढाच वेळ तो उभा राहील म्हणून.

पुढचे दिवस आम्ही दोघं त्या मशीनला चिकटून होतो. मी लिहायची, तो मोजायचा, आकडा चांगला आला की दोघंही नुसतेच हसायचो. गाडीतली भजी परत सुरू झाली. तरी मशीन काही पूर्वीइतकं जोरात पळेना. चाचणीच्या सकाळी शेवटचं मोजून त्यानं स्टॉपवॉच माझ्या तळहातावर ठेवलं. अजून थोडंसं मागं होतं. अगदी थोडं, डोळ्याला कळलंही नसतं.

“आता हे बी सांगणार?” मी विचारलं.

“सांगणार.” त्यानं माझ्याकडं बघितलं. “रागवाल?”

बारामती डोळ्यांपुढं दिसत होती. तरी मी मान हलवली, नाही. त्याला खोटं बोलायला लावून मिळालेली भिंत मला नको होती.

दूधसंघाची माणसं आली, पुढं त्यांचे अध्यक्ष कुशाबा, पांढरं धोतर, चिखलाचे पाय बाहेर धुऊन आत आलेले. मशीन बघून झालं, हिशेब पळवून झाले. मग दातारसाहेबांनी घसा खाकरला आणि युनूस पुढं झाला.

“एक गोष्ट सांगतो. हे मशीन आणखी थोडं जोरात पळू शकतं. मध्ये एक भिंत आहे, तिचा हा खर्च आहे. भिंत काढली तर हे वाचेल. पण भिंत नसली तर एका टर्मिनलवरचा माणूस दुसऱ्याचं सगळं वाचू शकतो.”

साहेब डोळे मिटून उभे राहिले. त्यांना बहुतेक चिमणी आठवली असावी.

कुशाबांनी पागोटं सारखं केलं. “म्हंजी... एकाच्या दुदाची फॅट दुसऱ्याला दिसंल?”

“दिसंल,” मी म्हटलं. साहेबांसमोर, शेडच्या आत, ‘दिसंल’ म्हटलं.

“आरं बाबौ! शेजाऱ्याची फॅट शेजाऱ्याला कळली तर गावात काट्या निगतील! एवढंसं हळू हाय न्हवं? चालंल की. आमच्या म्हशी बी कुटं पळत्यात? भित ऱ्हाऊ द्या.”

दातारसाहेबांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघून म्हणाले, “राहू दे भिंत. आणि तूही राहा.”

मी बाहेर जाऊन चिंचेच्या झाडाखाली रडले. पावसात कुणाला कळणार होतं? युनूसला कळलं. त्यानं लांबूनच छत्री पुढं केली, स्वतः भिजत.

दुसरा दिवस त्याचा शेवटचा. काम संपलं होतं, वाईची गाडी धरायची होती. मी टर्मिनलवर बसले होते, पण काही लिहीत नव्हते. तो पलीकडच्या टर्मिनलवर जाऊन बसला.

“एक शेवटची चाचणी,” तो म्हणाला. “तुमचा तो जुना वाकून बघायचा प्रोग्राम आहे ना? चालवा. मी इथं काही तरी टाइप करतो. दिसतं का सांगा.”

मी चालवला. त्याची बोटं हलताना दिसत होती. थांबली. परत हलली. कान लाल झालेले इथूनही दिसत होते.

माझ्या पडद्यावर एकच ओळ आली. परवानगी नाही.

“दिसलं?”

“नाही.”

“काहीच नाही? एखादं अक्षर?”

“माझी भिंत हाय ती,” मी म्हटलं. “काय लिहिलंय?”

“अरेरे...” त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “भिंत पक्की आहे. म्हणजे आता तोंडानं सांगावं लागणार.”

“मग सांगा की.”

त्यानं आजूबाजूला पाहिलं. शेडमध्ये साहेब होते, बाकीचे होते, आणि सगळे कामात असल्याचं नाटक करत होते. “इथं नाही,” तो म्हणाला. “बकरीद झाली की येतो. दुकानात.” कीबोर्डवर बोट दाबून त्यानं लिहिलेलं सगळं पुसलं आणि गेला.

बकरीद झाली. रविवार आला. मी सकाळपासून दुकानात. अम्मी म्हणाली, “आज घरात काम न्हाई व्हय?” मी म्हटलं, “न्हाई.” पाऊस थांबला होता, रस्त्यावर ऊन चकचकत होतं, आणि बाहेर तोंड केलेल्या घड्याळाचा मला फार राग येत होता, कारण मला आतून ते दिसत नव्हतं.

तो आला. एकटा नाही. बरोबर एक ठेंगण्या, गोऱ्या बाई, त्याच्यासारख्याच नाकाच्या. आणि दोन्ही हातांत निळी काकणं घातलेली एक पोरगी, जी मला बघताच आईला कोपर मारून हसली. मी पटकन आतल्या पडद्यामागं झाले.

“सलाम आलेकुम,” युनूस म्हणाला. काचेपासून चांगला हातभर लांब उभा होता, दोन्ही हात पाठीमागं.

“वालेकुम सलाम,” अब्बा म्हणाले. त्यांनी त्याला ओळखलं. माळ सोडणारा माणूस ते विसरत नसत. “काय दावू?”

“हिरवी काकणं. चुडा.”

अब्बांनी हातातलं काम थांबवलं. आमच्याकडं हिरवा चुडा लग्नातच भरतात, आणि तो काय कुणी सहज म्हणून मागत नाही. त्यांनी युनूसकडं पाहिलं, मग त्याच्या आईकडं. आई डोक्यावरचा पदर सावरून नुसत्या मंद हसल्या.

“लगीन हाय?” अब्बांनी विचारलं.

“अजून... ठरायचंय.”

“मग माप?”

युनूसनं खिशात हात घातला नाही. जुनं काकण काढलं नाही. तो माझ्या पडद्याकडं बघत म्हणाला, “ह्या वेळी अंदाज करायचा नाही, चाचा. माप विचारायलाच आलोय. नाही म्हणाली तर... तसाच परत जाईन. मुनीरा, सांगशील?”

पहिल्यांदा एकेरी! बाजार चालू होता, कुणी भाजी तोलत होतं, कुणी पोराला दटावत होतं, आणि माझ्या कानात दुसरं काही शिरत नव्हतं. मी पडदा बाजूला केला. बाहेर आले. काचेच्या पेटीवर माझा हात ठेवला, त्याच्याकडच्या बाजूला.

“दोन-चार,” मी म्हटलं.

अब्बा गर्रकन वळले. “पोरी, तुला कुनी इचारलं?”

“मलाच इचारलंय, अब्बा,” मी म्हटलं. “मलाच.”

अब्बा स्टुलावर चढले आणि सगळ्यात वरच्या फळीवरची हिरव्या काकणांची पेटी उतरवायला लागले. पेटी जड होती, त्यांना एकट्याला झेपेना. त्यांनी खाली बघितलं.

“आरं, बगत काय ऱ्हायलास?” ते युनूसला म्हणाले. “काचंच्या ह्या अंगाला ये. हात लाव.”